तिकडे मावशीला आई म्हणतात

ट्रामचं दार मिटलं तेव्हा मी आत होते आणि मावशी खाली, रस्त्यावर.

आधी मला ती ओळखूच आली नाही. समुद्रावरून आलेलं धुकं इतकं दाट होतं की स्टॉपवरची माणसं म्हणजे नुसते करडे ठिपके. त्यातला एक ठिपका जांभळा होता. जांभळी साडी, वर माझ्या नवऱ्याचा काळा स्वेटर आणि पायात पांढरे स्पोर्ट शूज. असा अवतार अख्ख्या दालियान शहरात एकाच बाईचा होता. ती ट्रामकडे पाठ करून उभी होती आणि मान वळवून वळवून कुणाला तरी शोधत होती. मी काचेवर थापा मारल्या. ट्राम घंटा वाजवून पुढे सरकली आणि जांभळा ठिपका धुक्यात गेला.

मला सातवा महिना सरत आला होता. बीपी वाढलेलं, पाय सुजलेले, धावपळ अजिबात करायची नाही म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. आणि मावशीला चिनी भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. तिचा फोन फक्त घरच्या वायफायवर चालायचा. पत्ता कुणी विचारलाच असता तर तिने 'केतकीचं घर' एवढंच सांगितलं असतं, तेही मराठीत.

शालनमावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. मी चार वर्षांची असताना आई गेली आणि मोठ्या माणसांनी वर्ष सरायच्या आत मावशीचं बाबांशी लग्न लावून दिलं. मिरजेत तेव्हा यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. उलट येणारी-जाणारी माणसं माझ्या डोक्यावरून हात फिरवत 'माय मरो पण मावशी जगो' म्हणायची. ही म्हण कानावर पडली की मावशी उठून स्वयंपाकघरात जायची. लग्न होऊन आली त्याच दिवशी तिने मला मांडीवर घेतलं होतं आणि भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवलं होतं. "आई ती. मी मावशी. मला मावशीच म्हणायचं, कळलं?"

मला कळलं, आणि मी ते आयुष्यभर पाळलं. तापात बरळतानासुद्धा मी मावशीच म्हणत असे, असं बाबा सांगायचे. पुढे तिला स्वतःचं मूल झालं नाही. बाबाही गेले. घरात आम्ही दोघी आणि तो फोटो उरलो. रोज सकाळी फोटोला फूल वाहायचं काम तिने कधी माझ्यावर टाकलं नाही आणि कधी चुकवलंही नाही.

माझा नवरा निनाद जहाजदुरुस्तीच्या कामात होता. त्याच्या नोकरीपायी आम्ही दालियानला आलो, आणि दिवस राहिले तेव्हा मावशीने फोनवर एवढंच विचारलं की तिकडे थंडी कितपत असते. मग ती एकटी, दोन विमानं बदलून आली. बॅगेत कपडे थोडे, आणि डिंक, अळीव, खारीक, साजूक तूप असं बरंच. विमानतळावर मी तिला म्हटलं, अगं, इथे दुकानं आहेत. ती म्हणाली, असू देत की.

शहरात तिला आवडली ती एकच गोष्ट. जुनी ट्राम. त्या रुळांवर दोन्ही प्रकारच्या गाड्या धावायच्या, लांबलचक चकाचक नव्या आणि अधूनमधून एखादी जुनी, लाकडी बाकांची, पितळी दांड्यांची. जुनी ट्राम वळणावर म्हातारीसारखी कुरकुरायची. चालवायला बहुतेक बायकाच. मावशी नवी गाडी सोडून द्यायची आणि जुनीची वाट बघत थांबायची. मग ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभी राहायची आणि तिचे हात बघत बसायची.

पहिल्याच दिवशी एक कॉलेजातली मुलगी तिला बघून बाकावरून उठली आणि म्हणाली, "आयी, नीन च्वो." म्हणजे, तुम्ही बसा.

मावशी बसली नाही. तिने माझा दंड धरला. "केतकी, ऐकलंस? आई म्हणाली मला ती."

मला हसू आलं. मी तिला समजावून सांगितलं की ऐकायला ते हुबेहूब आपल्या आईसारखं आहे, पण चिनीत त्याचा अर्थ मावशी. वयाने मोठ्या कुठल्याही बाईला हाक मारताना म्हणतात. घरी धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईलासुद्धा तेच.

"मग आईला काय म्हणतात?"

"मामा."

"अगं बाई. आणि मामाला?"

"च्योच्यो."

मावशी पुढचे दोन स्टॉप तोंडाला पदर लावून हसत होती. सगळा उलटाच कारभार आहे म्हणाली. पण त्यानंतर मी बघत होते, तिचे कान त्या एका शब्दावर असायचे. भाजीवाली म्हणायची, इमारतीचा वॉचमन म्हणायचा, खाली खेळणारी पोरं म्हणायची. घरी आल्यावर ती निनादला सांगायची, आज त्या टोफूवाल्यानेही मला आई म्हटलं बरं का. निनाद बिचारा गंभीरपणे मान डोलवायचा. मेट्रोवर मात्र तिचा राग होता. जमिनीखाली जायचं, पिशवी यंत्रात घालायची, आणि पहारेकऱ्यासमोर आपल्याच बाटलीतलं आपलंच पाणी पिऊन दाखवायचं, जसं काही विष कालवून आणलंय. वर सगळे फोनमध्ये तोंड घालून बसलेले. "तिथे कुणी आई म्हणत नाही," ती एकदा म्हणाली.

बिनसलं ते डिंकाच्या लाडवांच्या वेळी. ती वळत होती, मी लॅपटॉपवर ऑफिसचं काम करत होते. मधेच तिने विचारलं, बाळ मला काय म्हणेल गं?

"मावशीआजी," मी मान वर न करता म्हटलं. "दुसरं काय म्हणणार?"

"मावशीआजी," तिने एकदा म्हणून बघितलं, आमटीत मीठ पडलंय का चाखून बघावं तसं. मग ती लाडू वळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, माझं तिकीट अलीकडचं करून मिळतं का बघ. बाळंतपणाला तुझ्या सासूबाईंना बोलावून घे, जवळ खरी आजी असलेली बरी. मी काय झालं विचारलं, तर काही नाही. पुन्हा विचारलं, तरी काही नाही. मग माझंही डोकं फिरलं. पोटात बाळ घेऊन मी तिच्या मनधरण्या कराव्यात, अशी अपेक्षा असेल तर असू दे म्हटलं. जायचं तर जा. दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो. निनाद जहाजाच्या चाचणीसाठी दुसऱ्या बंदरावर गेला होता, त्यामुळे मधे पडायलाही कुणी नव्हतं.

त्या धुक्याच्या सकाळी आम्ही तिकीट बदलायलाच निघालो होतो. एजंटाचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला होतं. शिंगगोंगपर्यंत ट्राम, तिथून मेट्रो. ट्राम नेमकी जुनी आली. माझं पोट बघून कुणीतरी मला मधल्या बाकावर जागा दिली. मावशी नेहमीसारखी ड्रायव्हरच्या मागे जाऊन उभी राहिली. मी निनादला मेसेज लिहीत होते की ती ऐकत नाहीये, आज तारीख बदलतोय. शिंगगोंगच्या आदल्या स्टॉपवर मागचं दार उघडलं, थोडी गडबड झाली, माणसं उतरली, दार मिटलं. मी मान वर केली तर दांड्यापाशी मावशी नव्हती.

मी माणसांना ढकलत ड्रायव्हरपर्यंत गेले. जाडसर बाई, हातात पांढरे मोजे. माझं चिनी म्हणजे भाजी घेण्यापुरतं आणि टॅक्सीवाल्याशी भांडण्यापुरतं. मी तिला सांगितलं की माझी आयी मागे उतरलीये, चुकून, गाडी थांबवा.

तिने समोरून नजर न हलवता सांगितलं की मधे थांबवता येत नाही. मग विचारलं, आयी म्हणजे कामवाली का? येईल की मागच्या गाडीने.

"कामवाली नाही," मी म्हटलं.

मग कोण? शेजारीण?

आईची बहीण, वडिलांची दुसरी बायको, हे चिनीत कसं सांगतात मला माहीत नव्हतं. त्यासाठी आपल्याकडे जो शब्द आहे तो आमच्या घरात कधी कुणी उच्चारला नव्हता. आणि इथे ही बाई रस्त्यावर नजर ठेवून उत्तराची वाट बघत होती. मावशी बिनपत्त्याची त्या धुक्यात उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "वो मामा."

माझी आई.

"वो मामा," मी पुन्हा म्हटलं, आणि मला रडू फुटलं.

आता मात्र तिने वळून माझ्याकडे पाहिलं. एका हाताने वॉकीटॉकी उचलला आणि भराभर बोलायला लागली. तिने विचारलं, कपडे कसले? मी म्हटलं, जांभळे. साडीला काय म्हणायचं ते सुचेना, तेव्हा मी हाताने अंगाभोवती गुंडाळून दाखवलं. गाडीतली निम्मी माणसं वाकून बघत होती. ती बोलत असताना मला त्यातला एकच शब्द कळत होता, मामा, मामा, आणि तो ऐकून माझं रडं आणखी वाढत होतं.

शिंगगोंगला उतरून मी समोरच्या बाजूची ट्राम पकडली. ती निघाली नवी. गारेगार, आवाज न करणारी, सगळ्या काचा पक्क्या बंद. जुनीची खिडकी निदान खाली ओढून ओरडता तरी आलं असतं. मी काचेला नाक लावून फुटपाथ बघत होते. दिसत होतं ते माझंच तोंड.

स्टॉपवर मावशी नव्हती. मी फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले. "मावशी," मी हाक मारली. परत मारली. वाट बघणारी माणसं तशीच उभी, कुणाची मानही हलली नाही. त्या शब्दाला या शहरात काही अर्थच नव्हता. आणि मग माझ्या तोंडून दुसरी हाक गेली.

"आई!"

फलाटावरच्या सगळ्या बायका वळल्या. झाडू घेतलेली सफाईवाली वळली, भाजीची ढकलगाडी धरलेली वळली, नातवाला कडेवर घेतलेली वळली, बाकावर सोयाबीनच्या शेंगा सोलत बसलेली एक पार म्हातारी होती, तीही वळली. सगळ्यांना वाटलं आपल्यालाच हाक मारली. आणि सगळ्या आल्या. त्यांनी मला धरून बाकावर बसवलं. एकीने माझं मनगट हातात घेतलं, एकीने थर्मासचं झाकण उघडून गरम पाणी पाजलं. मी उठायला लागले की खांदा दाबून खाली बसवायच्या. मी रडत रडत 'मामा' म्हटलं, जांभळा रंग सांगितला, हाताने साडी गुंडाळली. सफाईवालीने झाडूने रुळांकडे दाखवलं. तिकडे गेली म्हणाली. रुळांच्या कडेकडेने, चालत.

म्हणजे मी त्या बंद काचांच्या गाडीतून तिच्या शेजारून गेले होते. ती रुळांच्या बाजूला, आणि मी फुटपाथ बघत बसलेले. या गाड्या, हे धुकं, तिला एकही शब्द येत नाही, ऐकूही थोडं कमी येतं. त्या बाकावर बसून मी नको नको ते सगळं बघितलं. तिकीट बदलायचं राहिलं, आता तिच्यासाठी कसलं तिकीट काढावं लागेल इथपर्यंत मन जाऊन आलं. बाळ आत जोरजोरात फिरत होतं. मी देवाला नवस बोलले नाही. मी आईला, फोटोतल्या आईला म्हटलं, तुझी बहीण आहे, तूच बघ आता.

पुढची ट्राम आली, तिची ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकली आणि बायकांना ओरडून काहीतरी म्हणाली. बायका टाळ्या वाजवायला लागल्या. परदेशी मामा सापडली होती. शिंगगोंगला होती. मला चौघींनी मिळून त्या गाडीत चढवलं. म्हातारीने माझ्या हातात शेंगांची पिशवी कोंबली, का ते मला अजून कळलेलं नाही.

शिंगगोंगला बाजूच्या रुळावर ती जुनी ट्राम रिकामी उभी होती. आत लाकडी बाकावर मावशी बसली होती, हातात गरम पाण्याचा पेला. शेजारी ती जाडसर ड्रायव्हर, मोजे काढून डिंकाचा लाडू खात होती. माझ्यासाठी बरोबर घेतलेले लाडू. मावशीचे पांढरे शूज चिखलाने काळे झाले होते.

जिवात जीव आला तसा मला संतापही आला. "उतरलीस कशाला?" मी ओरडलेच तिच्यावर.

मावशी माझ्याकडे गोंधळून बघत राहिली. "तू हाक मारलीस ना?"

"मी?"

"मागच्या दाराकडून. आई म्हणून." तिने पेला खाली ठेवला. "इथल्या लोकांचं आई मला आता कळतं बाई. ते तुटक असतं. ही हाक लांब होती, घाबरल्यासारखी. मला वाटलं तुला दुखायला लागलं. दुखताना काय, माणसाच्या तोंडात येतंच ते. म्हणून धावले, तर खाली कुणीच नाही. मग म्हटलं, रूळ जातील तिकडेच केतकी जाणार. रुळांच्या कडेने आले. इथे पोचले तेव्हा या बाईंनी घंटा वाजवून वाजवून मला गाडीत घेतलं."

तेव्हा मला आठवलं. मागच्या दारात एक मुलगी उभी होती, हातात कुणाची तरी विसरलेली छत्री. ती खाली उतरलेल्या बाईला हाका मारत होती. मी मेसेज लिहिता लिहिता ते पाहिलं होतं, ऐकलं नव्हतं. मावशीला मी ते सांगितलं नाही. पण तिला कळलं. ती खाली बघून साडीच्या निऱ्यांवरचा चिखल नखाने खरवडायला लागली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "कानच असले. तू कशाला अशी हाक मारशील."

ड्रायव्हर बाईने लाडू संपवला, हात झटकले आणि मावशीचं मनगट धरून तिचा हात माझ्या हातात दिला. वर मला चांगलं दटावलं, म्हाताऱ्या माणसाला गर्दीत एकटं सोडतात का. शेवटी म्हणाली, "नी मामा." तुझी आई, घे सांभाळ.

मावशीचं नख निरीवर थांबलं.

"काय म्हणाली गं ती? मामा म्हणाली?"

"हो."

"मला?"

"हो."

"तिला कुणी सांगितलं तसं?"

"मीच सांगितलं."

मावशी बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. लहानपणी मला ताप आला की असंच बघायची, थर्मामीटर न लावता. "केव्हा सांगितलंस?"

"तू उतरल्यावर. दार मिटलं तेव्हा."

तिने मान हलवली, हळूच, हिशोब जुळल्यासारखी. मग माझे डोळे पदराने पुसले, मग स्वतःचे.

"म्हणजे हाक मारलीसच की," ती म्हणाली. "जरा उशिरा मारलीस, एवढंच."

एजंटाकडे आम्ही गेलो नाही. मेट्रोत उतरायला ती तयार नव्हतीच आणि मलाही तिला जमिनीखाली न्यायचं नव्हतं. जुनी ट्राम परत फिरणार होती, तीच घरी जायची. ड्रायव्हर बाईने आमच्याकडून नाणी घेतली नाहीत. मावशी या वेळी तिच्या मागे उभी राहिली नाही, बाकावर माझ्या शेजारी बसली आणि माझ्या सुजलेल्या पायांकडे बघून घरी गेल्यावर काय काय करायचं ते सांगत राहिली. पहिल्याच स्टॉपवर त्या बायका अजून उभ्या होत्या. मी काचेतून दाखवलं तर तिने सगळ्यांना नमस्कार केला.

आता या गोष्टीला खूप वर्षं झाली. आम्ही परत आलो, मिरजेला फोटोखाली अजूनही रोज फूल असतं, आणि ते मावशीच वाहते. माझा मुलगा तिला आजी म्हणतो, नुसतं आजी. मी मात्र त्या दिवसापासून तिला मामाच म्हणत आले. सुरुवातीला ती लाजायची, आता माझ्या दुसऱ्या कुठल्या हाकेला ओ देत नाही. मागच्या संक्रांतीला हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या नव्या सूनबाईंना राहवलं नाही. त्यांनी विचारलंच, अहो, ही तुम्हाला मामा काय म्हणते? चांगल्या बाईमाणसाला?

मावशी वाणाचा डबा त्यांच्या हातात देत म्हणाली, "चिनी आहे ते. तुम्हाला नाही कळायचं."